‘चाचणीसाठी बाया पाहिजेत’ असा फोन आला तर



या अंकात मला खरं तर बँक जोडणीवर लिहायचं होतं. ते पुढच्या अंकात नक्की. आज आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण हा लेख तिच्यातूनच निघाला.

दिवाळीनंतर मला एक फोन आला. बोलणारा माणूस गोड बोलत होता. “मॅडम, मानसिक धक्का बसलेल्या महिलांवर एक चाचणी आहे. तुमच्याकडे गट आहेत ना? दहा-बारा नावं पाठवा. उपचार मोफत, येण्या-जाण्याचा खर्च मिळेल.” मला वाटलं, चांगलंच आहे की. ज्या ताईंनी कधी ना कधी माझ्याजवळ मन मोकळं केलं होतं त्यांची नावं, फोन नंबर आणि प्रत्येकीच्या नावापुढे काय घडलं होतं ते दोन शब्दांत लिहून मी यादी पाठवून दिली. एकीलाही विचारलं नाही.

त्या यादीत आमच्या एका गटातली एक ताई होती. काही वर्षांपूर्वी एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर तिची दोन बोटं गेली. जखम भरली, पण तेव्हापासून ती गिरणीत दळण न्यायला जात नाही. पट्ट्याचा आवाज आला की हात थंड पडतात, घाम फुटतो. रात्री तेच स्वप्न. तिला फोन आला तेव्हा तो सासूबाईंनी उचलला. “वेड्यांच्या तपासणीत तुमच्या सुनेचं नाव आहे,” एवढंच त्यांना समजलं. पुढे घरात काय झालं ते मी लिहीत नाही.

मी त्या माणसाला परत फोन करून चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला. “पाठवतो” म्हणाला. अजून आलेला नाही.

ताईची माफी मागायला गेले, तेव्हा ती रागावली होतीच. पण चहा ठेवता ठेवता एक वाक्य बोलून गेली, “खरी असती ना, तर मला जायचं होतं.” त्या वाक्याने मी दोन महिने कामाला लागले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. ज्यांना लागेल त्यांनी घ्यावं.

हा आजार आहे तरी काय

डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातोत्तर ताण विकार. हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात १९८० साली आलं, व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे. म्हणून सुरुवातीचं बरंचसं संशोधन सैनिकांवर झालं. पण आघात काय फक्त लढाईतच होतो का? आपल्याच भागात बघा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्याला कारखान्याला आग लागली, अनेक कामगार गेले, त्यातल्या बहुतेक बाया होत्या. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या मेणबत्त्या बनवायच्या जागेत आग लागली, तिथेही गेलेल्यांत बहुतेक बायाच. पेपरात मेलेल्यांचा आकडा येतो. वाचलेल्या, बाहेर उभं राहून पाहिलेल्या बायांचं पुढे काय होतं ते येत नाही. आणि ज्यांच्या घरातच आघात आहे, म्हणजे मारहाण, जबरदस्ती, नवऱ्याने केलेली आत्महत्या, त्यांचं तर पेपरात काहीच येत नाही.

मोठा धक्का बसल्यावर काही दिवस झोप उडणं, रडू येणं, दचकणं हे कुणालाही होतं. तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगातल्या शंभरातल्या सुमारे सत्तर जणांच्या आयुष्यात असा एखादा प्रसंग येतोच, पण ज्यांच्यावर येतो त्यांतल्या शंभरात पाच-सहा जणांनाच पुढे पीटीएसडी होतो. बायांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. महिना उलटून गेला तरी प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडतोय, त्याची आठवण देणारी जागा, आवाज, माणूस टाळावासा वाटतोय, सतत सावध, चिडचिड, झोप नाही, आणि यामुळे रोजचं काम अडतंय, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना दाखवायचं. बाहेरची बाधा नाही, नाटकं नाहीत, आणि “मन घट्ट कर” म्हटल्याने जाणारंही नाही.

आधी उपचार, मग चाचणी

हे मी ठळक सांगते, कारण मीच उलटं समजले होते. पीटीएसडीवर उपचार आजही आहेत. त्या प्रसंगावर हळूहळू, शिकलेल्या माणसाच्या मदतीने बोलत जाण्याची समुपदेशनाची पद्धत आहे. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन अशी औषधं आहेत, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. यासाठी कुठल्याही चाचणीत जावं लागत नाही. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय (आपण वायसीएम म्हणतो ते), औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून इथे मानसोपचाराची सोय आहे. घरातून निघणंच जमत नसेल तर १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तो नंबर आत्ता लावा.

मग चाचणी म्हणजे काय

क्लिनिकल ट्रायल म्हणजे एक प्रश्न. ही गोळी, ही समुपदेशनाची पद्धत, हा योगाचा कार्यक्रम खरंच उपयोगी आहे का? उत्तर माहीत नाही म्हणूनच चाचणी. डॉक्टर उपचार करतात तेव्हा त्यांचं सगळं लक्ष तुम्हाला बरं करण्यावर असतं. चाचणीत तुमची काळजी घेतातच, पण तिथे प्रश्नाचं उत्तरही काढायचं असतं. हा फरक नीट समजून घ्या.

उत्तर काढायला दोन गट करतात. एका गटाला नवा उपचार, दुसऱ्याला नेहमीचा उपचार, किंवा तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, किंवा “तुम्हाला तीन महिन्यांनी देऊ” अशी प्रतीक्षा यादी. कुणी कुठल्या गटात जायचं हे डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्हीही नाही. भिशीची चिठ्ठी निघते तसंच. नवी गोळी मिळेल या आशेने गेलात आणि दुसरी चिठ्ठी निघाली, तर फसवलं असं म्हणता येणार नाही. अट हीच, की चिठ्ठी असणार आहे हे त्यांनी आधी स्पष्ट सांगितलेलं असलं पाहिजे.

सगळी संशोधनं औषधाचीच नसतात. किल्लारीचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आणि लातूर-उस्मानाबादची गावं झोपेतच ढासळली. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेमार्फत भूकंपग्रस्तांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास केला. त्या कामामागे डॉ. मोहन आगाशे होते. आपण त्यांना नट म्हणून ओळखतो, पण ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत. हा पाहणीचा अभ्यास. प्रश्न विचारायचे, नोंदी ठेवायच्या. अशा अभ्यासात गोळी नसते, पण जखमेवरची खपली निघू शकते. म्हणून नुसती प्रश्नावली असली तरी संमती लागतेच, आणि “मुलाखत देताना मला त्रास झाला तर तुमच्याकडे कोण आहे?” हे विचारायलाच हवं.

दुसरं उदाहरण गोव्याचं. तिथे ‘मानस’ नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०१० साली छापले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी उदासीनता आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली तर फरक पडतो का, हा प्रश्न होता. चिठ्ठी माणसांवर नाही, दवाखान्यांवर टाकली. २४ दवाखाने, निम्म्यांत समुपदेशक, निम्म्यांत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी जास्त लोक बरे झाले. हा आजार पीटीएसडी नव्हता, पण आपल्यासारख्या बायांना हे काम जमतं की नाही याचं उत्तर कुणी तरी चाचणीत उतरलं म्हणूनच मिळालं. सैनिकांवरून काढलेलं उत्तर प्रेस शॉपमधल्या बाईला लागू पडेलच असं नाही. आपण गेलोच नाही, तर आपल्याबद्दलचं उत्तर कुठून येणार?

आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येत नाही. अमेरिकेत एमडीएमए नावाचं द्रव्य समुपदेशनाबरोबर द्यायच्या चाचण्या बरीच वर्षं चालल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या औषध खात्याने मंजुरी दिली नाही. एक अडचण अशी, की कुणाला खरं औषध मिळालंय हे घेणाऱ्यालाच कळत होतं, म्हणजे चिठ्ठी उघडीच पडली. व्हॉट्सॲपवर याचे “चमत्कारी उपाय” म्हणून व्हिडिओ फिरतात. आपल्याकडे हा बंदी असलेला अमली पदार्थ आहे. कुणी देऊ केला तर सरळ उठून या.

शोधायचं कुठे

भारतात चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, सीटीआरआय. आयसीएमआर ती चालवतं. २० जुलै २००७ ला सुरू झाली. औषधाच्या चाचण्यांची नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला माणूस घेण्याआधीच नोंद करावी लागते. गटाच्या इतिवृत्तासारखंच आहे हे. बैठक झाल्यावर मागची तारीख टाकून लिहिलेलं चालत नाही.

पत्ता सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. कुणालाही बघता येतं, पैसे नाहीत, लॉगिन नाही. सगळं इंग्रजीत आहे, हीच खरी अडचण. लेकीला, भाचीला, नाहीतर सीआरपी ताईला बरोबर घ्या. शोधताना पीटीएसडीचं पूर्ण इंग्रजी नावही टाका आणि आखूड नावही, कारण कुणी कसं लिहिलेलं असतं तर कुणी कसं. प्रत्येक नोंदीत कुठला दवाखाना, कोण डॉक्टर, कुणाला घेणार, कुणाला नाही, किती माणसं हवीत आणि संपर्काचा फोन हे सगळं असतं. आधी भरतीची स्थिती बघा. ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ लिहिलं असेल तरच पुढे वाचा. बऱ्याच नोंदी एमडी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधाच्या असतात. लहान असतात, पण त्या खऱ्याच. आज उघडी असलेली चाचणी उद्या बंद होते, म्हणून इथे मी नावांची यादी दिलेली नाही.

नोंदणी क्रमांक ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो, मग वर्ष, महिना आणि पुढे आकडे. फोनवरच्या माणसाला पहिला हाच प्रश्न विचारायचा. मी विचारला नव्हता. पण एक लक्षात ठेवा, नोंद आहे म्हणजे सरकारने “जा” म्हटलं असं नाही. नोंद म्हणजे एवढंच, की काम उघड्यावर आहे आणि विचारायला माणूस सापडतो.

याहून सोपा रस्ता आपल्या डॉक्टरांचा. ज्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात उपचार चालू आहेत तिथेच विचारा, “माझ्या आजारावर इथे काही संशोधन चालू आहे का?” तुमची फाईल त्यांच्यापुढेच असते, त्यामुळे तुम्ही बसता की नाही ते लगेच सांगतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायांना, दुसरा मोठा आजार असलेल्यांना, ठरावीक गोळ्या चालू असलेल्यांना बऱ्याच औषध चाचण्यांत घेत नाहीत. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे, तुमच्या जिवाला जपायला. आणि चाचणीत बसावं म्हणून चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे मी दोनदा लिहायला हवं.

कागद

औषधाच्या चाचणीला २०१९ चे नवे नियम लागू आहेत. माहितीपत्रक तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळालं पाहिजे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत आणि माहितीपत्रक तुमच्या हातात द्यावं लागतं. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ बसतो, त्याच्यासमोर वाचून दाखवतात, मग अंगठा. फॉर्मवर वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं दिसेल. आमच्या एक आत्या ते बघून घाबरल्या, “माझ्या मरणाची तयारी चाललीय का?” तसं नाही, विम्याच्या फॉर्मवर असतं तसंच ते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई द्यावी लागते, त्यासाठी ही माहिती लागते. पण आत्यांचा प्रश्न बरोबर होता. घाबरून गप्प बसण्यापेक्षा विचारलेलं बरं.

समुपदेशनाच्या, योगाच्या अभ्यासांनाही आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. या समितीत सगळे डॉक्टरच नसतात, कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असतो. समितीचा फोन माहितीपत्रकावर असतो. तक्रार तिथे करता येते. संशोधनासाठी तुमच्याकडून पैसे मागत असतील तर ते चुकीचं. भाडं आणि बुडालेली मजुरी मिळू शकते, पण कुणी भाड्यापेक्षा फारच मोठी रक्कम दाखवत असेल तर थांबा आणि का ते विचारा.

मधेच सोडायचं असेल तर कारण न देता सोडता येतं, आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगून सोडा, कारण काही गोळ्या एकदम बंद केल्या की त्रास होतो.

सही कुणाची? सज्ञान बाईची संमती तिची स्वतःची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, गटाच्या अध्यक्षांची नाही आणि माझी तर अजिबात नाही. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वॉर्डनने सह्या केल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला, पुढे संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. लस वाईट होती असा त्याचा अर्थ नाही, ती आज जगभर देतात. चूक सह्यांची होती. त्या वॉर्डनलाही कदाचित वाटलं असेल, मुलींचं भलंच करतेय. यादी पाठवताना मलाही तसंच वाटलं होतं.

म्हणून आपल्या प्रभागसंघाने मागच्या बैठकीत ठराव घेतला. कुठल्याही अभ्यासासाठी, चाचणीसाठी, सर्वेक्षणासाठी सदस्यांची नावं-नंबर बाहेर द्यायचे नाहीत. कागद घेऊन जे येतील त्यांना नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं पत्र मागायचं, ते असेल तर माहिती बैठकीत वाचून दाखवायची, आणि ज्या ताईला जायचं असेल तिने स्वतः, आपल्या फोनवरून संपर्क करायचा. कोण गेली, कोण नाही, हे इतिवृत्तात लिहायचं नाही.

प्रेसवाल्या ताईंनी हे सगळं लिहायची परवानगी दिली आहे, बोटांचं आणि गिरणीचं सुद्धा. त्या आता सरकारी दवाखान्यात जातात. गोळी चालू आहे, पंधरा दिवसांनी समुपदेशन. आम्ही दोघींनी माझ्या फोनवर नोंदवही उघडून पाहिली. एक अभ्यास त्यांच्यासाठी बरा वाटला, पण परगावी, आठ खेपा आणि प्रत्येक खेपेला दोन दिवस. शिवाय नुकतीच गोळी सुरू केलेल्यांना त्यात घेत नव्हते. ताईंनी मजुरीचा हिशोब केला आणि म्हणाल्या, “आत्ता नको. पण नंबर लिहून ठेव.” ठेवलाय. परवा त्या लेकीबरोबर गिरणीपर्यंत गेल्या. आत लेक गेली, त्या बाहेर कट्ट्यावर बसल्या.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीच्या दिवशी दुपारी दोन ते चार मी कार्यालयातल्या मागच्या खोलीत फोन आणि लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांना नोंदवही बघायची असेल, आलेला कागद वाचून घ्यायचा असेल, किंवा नुसतं १४४१६ ला फोन लावायला कुणी सोबत हवं असेल त्यांनी या. दार लावून बोलू. नाव कुठेही लिहिणार नाही.